डाव केव्हा घोषित करावा?

५ जुलै २०२५ रोजी शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील मराठी घरांत त्या संध्याकाळी एका वाहिनीवर पंढरपूरची गर्दी आणि दुसऱ्या वाहिनीवर बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावरचा भारत-इंग्लंड कसोटी सामना अशी दूरचित्रवाणीची आळीपाळीने वाटणी चालली होती. इंग्लंडातील कसोटीचा दिवस आपल्याकडे दुपारी साडेतीनला उगवतो आणि रात्री साडेदहाला मावळतो. त्यामुळे शनिवारची कचेरी आटोपून, गाडीतली गर्दी सोसून, हातपाय धुऊन नोकरदार माणूस चहा घेऊन बसला तेव्हा भारताची एकूण आघाडी साडेतीनशेच्या पुढे गेलेली होती, आणि तिकडच्या चहापानापर्यंत ती पाचशेच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. पहिल्या डावात २६९ धावा करणाऱ्या शुभमन गिलने दुसऱ्या डावातही शतक ओलांडले, १६१ धावा करून तो बाद झाला, आणि कर्णधार स्वतः तंबूत परतल्यावरही डाव थोडा वेळ चालूच राहिला. अखेर आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेल्यावर, ६ बाद ४२७ या धावसंख्येवर, डाव घोषित झाला. आघाडी ६०७ धावांची, लक्ष्य ६०८ धावांचे, आणि हाताशी उरलेला काळ म्हणजे ती एक तोकडी संध्याकाळ व पाचवा दिवस.

चहापानापासून त्या घोषणेपर्यंत जो वाद उपनगरांतील घराघरांत, जिन्यांत आणि नाक्यांवर रंगला, त्याची कैफियत लिहून ठेवण्याजोगी आहे; कारण क्रिकेटमधल्या अन्य कोणत्याही निर्णयाविषयी सामान्य प्रेक्षक इतक्या अधिकारवाणीने बोलत नाही. उसळत्या चेंडूवर हूक मारावा की नाही, हे सांगण्याचा अखत्यार त्याला नाही आणि ते तो मनोमन जाणतो. परंतु डाव केव्हा घोषित करावा हा प्रश्न धावा आणि वेळ यांच्या विनिमयाचा आहे. आणि वेळेचा हिशेब हा उपनगरी माणसाचा नित्याचा व्यवसाय आहे. त्यामुळे येथे प्रत्येक जण स्वतःला कर्णधाराचा मुखत्यार समजतो.

या वादात दोन पक्ष असतात. सोयीसाठी एकाला घड्याळ पक्ष म्हणावे आणि दुसऱ्याला शिल्लक पक्ष. घड्याळ पक्षाचे म्हणणे असे की, सामना जिंकायला प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करावे लागतात, गडी बाद करायला षटके लागतात, आणि गरजेपेक्षा अधिक काढलेली प्रत्येक धाव त्या षटकांतून वजा होते. या पक्षाजवळ वेलिंग्टनचा दाखला असतो. एप्रिल २००९ मध्ये धोनीने न्यूझीलंडपुढे ६१७ धावांचे लक्ष्य ठेवले, न्यूझीलंडचे आठ गडी २८१ धावांत बाद झाले, आणि उरलेले दोन गडी पावसाने वाचवले. शिल्लक पक्षाजवळ त्याहून ताजा पुरावा होता. अवघ्या दीड आठवड्यापूर्वी लीड्सच्या कसोटीत इंग्लंडने ३७१ धावांचे लक्ष्य पाच गडी गमावून पार केले होते. याच एजबॅस्टनवर २०२२ साली ३७८ धावांचे लक्ष्य त्यांनी तीनच गडी गमावून गाठले होते. जसप्रीत बुमराह या सामन्यात खेळत नव्हता. आणि या मैदानावर भारताने त्यापूर्वी एकही कसोटी जिंकलेली नव्हती. अशा स्थितीत कंबर कसून बसलेल्या सावध माणसाला भित्रा म्हणणे न्यायाला धरून झाले नसते.

मुलुंड पूर्वेच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीत, लिफ्टची वाट पाहत असताना, हा वाद साधारणतः अशा भाषेत चालतो:

"काका, पाचशे झाले की! आता कशाची वाट बघतोय हा?"

"थांब रे. लीड्सला तीनशे एकाहत्तर दिले होते ना? पाचच विकेट गेल्या त्यांच्या."

"पण उद्या तिकडे पाऊस सांगितलाय."

"पाऊस आपल्याकडेही सांगतात. पडतो का कधी सांगितल्यासारखा?"

यातला पुतण्या मनाने घड्याळ पक्षाचा आणि काका शिल्लक पक्षाचे, ही विभागणी बरीचशी वयाची आहे, परंतु सर्वस्वी वयाची नाही. काकांच्या पिढीने आघाडी पुरेशी वाटत असताना सामना हातचा गेलेला पाहिला आहे. पुतण्याच्या पिढीने चारशेच्या आसपासची लक्ष्ये पार होताना पाहिली, तरी त्याहून अधिक वेळा पाहुणे संघ दीड दिवसात गारद होताना पाहिले आहेत. दोघेही आपापल्या अनुभवाचेच व्याज खात असतात.

मुळात डाव घोषित करण्याची मुभा ही क्रिकेटच्या नियमावलीत उशिरा आलेली गोष्ट आहे. १८८९ पूर्वी फलंदाजीचा डाव स्वेच्छेने संपवण्याची कायदेशीर सोयच नव्हती. भरपूर धावा झाल्या म्हणजे उरलेले फलंदाज मुद्दाम बाद होत, आणि हा देखावा प्रतिष्ठित सामन्यांतही चालत असे. १८८९ साली अखेरच्या दिवसापुरती ही मुभा मिळाली, पुढे ती टप्प्याटप्प्याने सैल होत गेली, आणि कोणत्याही दिवशी, कोणत्याही क्षणी डाव घोषित करण्याचा अधिकार १९५७ साली मिळाला. म्हणजे प्रेक्षकाला आज जो निर्णय कर्णधाराचा जन्मसिद्ध हक्क वाटतो, तो या स्वरूपात सत्तर वर्षांचाही झालेला नाही.

आणि त्या निर्णयाच्या पोटात बारीकसारीक हिशेब पुष्कळ असतात. दोन डावांच्या मध्ये दहा मिनिटे जातात. दिवसभर उन्हात क्षेत्ररक्षण करून पाय जड झालेल्या सलामीवीरांना तेवढ्या दहा मिनिटांत पॅड बांधून नव्या चेंडूसमोर यावे लागते. म्हणूनच संध्याकाळचा शेवटचा तास प्रतिपक्षाला देणे हे पुढल्या सकाळचे दोन तास देण्याहून अधिक फलदायी ठरू शकते. ऐंशी षटकांनंतर दुसरा नवा चेंडू मिळतो, तो अखेरच्या दिवशी नेमका केव्हा हाती येईल, याचेही गणित मांडावे लागते. डाव किंवा दिवसाचा खेळ सुरू होण्यापूर्वी खेळपट्टीवर रोलर फिरवून घेण्याचा हक्क फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराचा असतो, आणि याच हक्कापायी १९४८ साली लीड्स येथे इंग्लंडचा कर्णधार यार्डली पाचव्या दिवशी सकाळी दोन षटके फलंदाजी करून मग डाव घोषित करता झाला. जड रोलरने खेळपट्टी फुटावी असा त्याचा इरादा होता. ऑस्ट्रेलियाने त्याच खेळपट्टीवर तीन गड्यांच्या मोबदल्यात ४०४ धावा काढून सामना जिंकला, मॉरिसने १८२ आणि ब्रॅडमनने नाबाद १७३ धावा केल्या. मसलत कितीही सूक्ष्म असली तरी समोर कोण उभे आहे याला तिच्याहून अधिक किंमत असते, हा त्या दिवसाचा धडा.

मुंबईच्या प्रेक्षकाला हे सारे पुस्तकातून कळलेले नाही. या शहराचे क्रिकेट गिरगाव, दादर, माटुंगा यांच्या आसपास वाढले, आणि चाळींतली कुटुंबे जसजशी जागेच्या शोधात उत्तरेकडे सरकली, तसतसे ते दोन्ही रेल्वेमार्गांनी उपनगरांत पसरले. मैदाने मात्र पुष्कळशी दक्षिणेतच राहिली. खांद्यावर किटचे ओझे घेऊन सकाळच्या गर्दीच्या विरुद्ध आणि पुष्कळदा गर्दीच्या बरोबरच प्रवास करणारी मुले ही तेव्हापासून लोकलगाडीची एक नित्याची आकृती आहे. कांजूरमार्गहून शिवाजी पार्कला येणारा विनोद कांबळी आणि बोरिवलीला आजी-आजोबा व काकांच्या घरी वाढलेला रोहित शर्मा ही त्यांतली ठळक नावे. याच मुलांचे पाय पुढे कांगा लीगच्या मैदानांवर रुततात. डॉ. कांगांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळवली जाते. झाकण न घातलेली ओली खेळपट्टी, घोट्यापर्यंतचे गवत, एका दिवसाचा खेळ, आणि पश्चिमेकडून केव्हाही चालून येणारी सर. अशा ठिकाणी दीडशे धावांवर समाधान मानून डाव वेळेत घोषित करणारा कर्णधार शहाणा ठरतो आणि दोनशेची हाव धरणारा पावसात उभा राहतो. घड्याळ पक्षाची पाठशाळा ही.

या पाठशाळेतला सर्वांत गाजलेला दाखला आझाद मैदानावरचा आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकरने आणि विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. सीमारेषेवरून प्रशिक्षकांचे सहाय्यक डाव घोषित करण्याविषयी ओरडत होते आणि ही दोन पोरे तिकडे पाहायचेच टाळत होती. शेवटी उपाहाराच्या वेळी प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांना फोन लावला गेला, आणि पलीकडून हुकूम आला की, डाव ताबडतोब घोषित करा. कांबळी तेव्हा ३४९ वर होता आणि आणखी एका धावेची त्याची विनवणी मंजूर झाली नाही. २ बाद ७४८ वर डाव घोषित झाला. सचिन नाबाद ३२६. यानंतरची गोष्ट सहसा सांगितली जात नाही, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची: त्या सामन्यात सेंट झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला आणि त्यांतले सहा गडी ३७ धावांत कांबळीनेच टिपले. सरांनी त्याच्याकडून एक धाव काढून घेतली आणि बदल्यात त्याला गोलंदाजीला वेळ दिला.

विक्रमाच्या तोंडावर डाव थांबण्याची याहून करुण कथा पुण्याची आहे. डिसेंबर १९४८ मध्ये रणजी स्पर्धेत महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा सामना पुणे क्लबच्या मैदानावर चालू होता. काठियावाडच्या २३८ धावांना उत्तर देताना भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर पोहोचले, महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली, आणि ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तत्कालीन जागतिक विक्रमाला नऊ धावा उरल्या. खेळाच्या विश्रांतीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी निर्वाणीचा निरोप धाडला की, महाराष्ट्राने डाव घोषित करावा, नाहीतर आपला संघ सामना सोडून जाईल. महाराष्ट्राच्या बाजूने आणखी दोन षटकांची मुदत मागण्यात आली. ती नाकारली गेली, सामना सोडून दिला गेला, आणि पाहुणे स्टेशनच्या वाटेला लागले. निंबाळकरांना पुढे एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. येथे डाव घोषित करण्याचा तगादा जिंकण्यासाठी झालेला नव्हता, अब्रू वाचवण्यासाठी झाला होता. आणि तो लावणारा कर्णधार फलंदाजी करणाऱ्या संघाचा नव्हता, ही त्यातली विलक्षण गोष्ट.

आता शिल्लक पक्षाची पाठशाळा पाहू. तिचे नाव रणजी करंडक. बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे जातो, या एका कलमाने मुंबईच्या क्रिकेटचा स्वभाव घडवला. ज्याला खडूस म्हणतात आणि ज्याचा मुंबईकराला मनातून अभिमान असतो, त्या वृत्तीचे शास्त्रशुद्ध अधिष्ठान हेच कलम आहे. एकदा आघाडी मिळाली की प्रतिपक्षाला सामन्यात परत येऊ देण्याचे प्रयोजनच उरत नाही. मग दुसऱ्या डावात कितीही वेळ फलंदाजी करावी. मार्च १९४९ मध्ये पुण्याला महाराष्ट्राविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मुंबईने ६५१ धावा केल्या, महाराष्ट्राला ४०७ वर रोखले, आणि २४४ धावांची आघाडी गाठीशी असताना पुन्हा फलंदाजी करून ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला. माधव मंत्रींनी त्या सामन्यात २०० धावा केल्या. ९५९ धावांच्या लक्ष्यामागे धावताना महाराष्ट्राने ६०४ केल्या, ही त्यांची मर्दुमकी खरीच; तथापि मुंबई ३५४ धावांनी जिंकली, आणि चार डावांत मिळून २३७६ धावा झाल्या. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे करंडक या शहरात राहिला, त्यामागे या अशा न संपणाऱ्या डावांचा मोठा वाटा आहे.

ही परंपरा केवळ इतिहासजमा झालेली नाही, याचा पुरावा उपनगरातच मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर मुंबई आणि बडोदा यांचा उपउपांत्य सामना झाला. मुशीर खानच्या नाबाद २०३ धावांमुळे मुंबईने ३८४ केल्या, बडोद्याने ३४८, म्हणजे आघाडी अवघ्या ३६ धावांची. पण ३६ काय आणि ३ काय, कलमाच्या दृष्टीने सारखीच. दुसऱ्या डावात ३३७ धावांवर नववा गडी बाद झाला तेव्हा एकूण आघाडी ३७३ होती. त्यानंतर दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन आणि अकराव्या क्रमांकाचा तुषार देशपांडे यांनी शेवटच्या गड्यासाठी २३२ धावा जोडल्या. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतके करण्याचा प्रकार प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्याआधी एकदाच, १९४६ साली ओव्हल मैदानावर सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून घडला होता. कर्णधार अजिंक्य रहाणेने डाव घोषित केला नाही. तो ५६९ धावांवर आपोआप संपला. बडोद्यापुढे ६०६ धावांचे लक्ष्य आले, ३ बाद १२१ वर सामना अनिर्णित राहिला, आणि मुंबई पुढे जाऊन बेचाळिसाव्यांदा करंडक जिंकली.

वांद्र्यातले ६०६ आणि एजबॅस्टनचे ६०८ हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे या वादाची गुरुकिल्ली हाती येते. आकडा जवळजवळ तोच. पण वांद्र्यात त्या आकड्याविषयी कोणी तक्रार केली नाही आणि एजबॅस्टनच्या वेळी निम्मे उपनगर चिडले. भेद धावांत नव्हता, तो करारात होता. वांद्र्यात अनिर्णित निकाल मुंबईच्या पथ्यावर पडणारा होता. एजबॅस्टनला भारत मालिकेत शून्य-एक असा मागे होता. अनिर्णित निकालाने इंग्लंडची आघाडी कायम राहणार होती. याच मापाने वेलिंग्टनचे प्रकरण तपासावे: धोनीने ६१७ चे लक्ष्य ठेवले तेव्हा भारत मालिकेत एक-शून्य पुढे होता, आणि तो सामना न जिंकताही न्यूझीलंडमधली मालिका एकेचाळीस वर्षांनी जिंकली गेली. घड्याळ पक्ष आजही त्या पावसाचे दुःख करतो. परंतु धोनीच्या दप्तरात त्या दिवशी काहीच थकबाकी नव्हती.

यास्तव डाव घोषित करण्याविषयीचा खरा प्रश्न, किती धावा पुरेत, असा नसून अनिर्णित निकाल कोणाला परवडतो, असा आहे. हा प्रश्न न विचारता दिलेले उत्तर बरोबर आले तरी तो योगायोग समजावा. एप्रिल १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे क्लाइव्ह लॉइडने ६ बाद २७१ वर डाव घोषित करून भारताला ४०३ धावांचे लक्ष्य दिले. वेस्ट इंडिज मालिकेत पुढे होते. अनिर्णित निकाल त्यांना चालणारा होता आणि भारताला नव्हता. लॉइडने आपल्या तीन फिरकी गोलंदाजांवर भरवसा टाकला. गावसकरने १०२, विश्वनाथने ११२, मोहिंदर अमरनाथने ८५ धावा केल्या आणि भारताने चारच गडी गमावून ४०६ धावा काढल्या. काकांच्या पिढीने ते समालोचन रेडिओला कान लावून ऐकले, आणि प्रतिपक्षाला आशा दाखवणे किती महाग पडते हे त्यांच्या मनावर कोरले गेले. डिसेंबर २००८ मध्ये चेन्नईला तेच पुन्हा घडले. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. पीटरसनने ९ बाद ३११ वर डाव घोषित करून ३८७ धावांचे लक्ष्य ठेवले, सेहवागने ८३ धावांची आतषबाजी करून वाट मोकळी केली, आणि सचिनच्या नाबाद १०३ धावांनी ते पार झाले. ते शतक त्याने मुंबईकरांना अर्पण केले. त्या दिवशी पीटरसनच्या निर्णयाची चिकित्सा करण्याच्या मनःस्थितीत हे शहर नव्हते.

मात्र मुंबईचा प्रेक्षक या बाबतीत नेहमीच निःपक्षपाती असतो असे मानण्याचे कारण नाही. २९ मार्च २००४ रोजी मुलतानला हंगामी कर्णधार राहुल द्रविडने सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला, तेव्हा सचिन नाबाद १९४ होता. सेहवागने त्या डावात ३०९ धावा करून भारताचे पहिले त्रिशतक झळकावले होते. भारत तो सामना एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. घड्याळ पक्षाच्या कोणत्याही तत्त्वाने पाहिले तरी द्रविडच्या निर्णयावर ठपका ठेवता येत नाही. पण वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेल्या मुलाच्या सहा धावांचा प्रश्न होता, आणि मग एरवी घड्याळाकडे बोट दाखवणारेही त्या संध्याकाळी शिल्लक पक्षात दाखल झाले. सामना वेळेआधी संपला, म्हणजे दोन षटके द्यायला हरकत नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद. हा युक्तिवाद निकाल लागल्यावर सुचलेला आहे, आणि मुलतानच्या त्या दुपारी द्रविडजवळ निकालाची प्रत नव्हती, एवढेच त्यावर म्हणता येईल. आचरेकर सरांनी कांबळीची एक धाव नाकारली ती ज्यांना शिस्त वाटते, त्यांनाच द्रविडने सचिनच्या सहा धावा नाकारल्या तो अन्याय वाटतो, ही विसंगती मुंबईकराने मान्य करावी.

घड्याळ पक्षाला बोरिवलीचा कर्णधार मिळाला तो कानपूरला. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बांगलादेशविरुद्धच्या कसोटीत पहिल्या दिवशी पस्तीस षटकांचा खेळ झाला, दुसरा व तिसरा दिवस संपूर्ण वाया गेला, आणि सामन्याची वासलात लागली असे सर्व जण धरून चालले होते. चौथ्या दिवशी बांगलादेशचा डाव २३३ धावांत संपला. मग रोहित शर्माच्या संघाने ३४.४ षटकांत ९ बाद २८५ धावा केल्या आणि अवघ्या ५२ धावांच्या आघाडीवर डाव घोषित केला, तोही दिवस मावळण्यापूर्वी बांगलादेशचे दोन गडी टिपता यावेत एवढा वेळ राखून. पाचव्या दिवशी बांगलादेश १४६ धावांत बाद झाला आणि भारत सात गडी राखून जिंकला. मालिकेत भारत पुढे असला तरी जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेच्या गुणांच्या हिशेबात अनिर्णित सामना त्याला परवडणारा नव्हता. आणि ज्याला तो परवडत नाही त्याने बावन्न धावांच्या शिलकीवर उधारी मांडायची असते. कांगा लीगच्या एका रविवारचे हे कसोटीतले रूप होते.

मग एजबॅस्टनचे काय झाले? त्या शनिवारी रात्रीच इंग्लंडची अवस्था ३ बाद ७२ झाली. रविवारी, उपासाच्या दिवशी, पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि घड्याळ पक्षाने आपले भाकीत खरे होत असल्याचे समाधान चिंतेच्या आवरणाखाली दडवले. परंतु पाऊस थांबला, आकाश दीपने ९९ धावांत सहा गडी बाद केले, इंग्लंडचा डाव २७१ वर आटोपला, आणि भारत ३३६ धावांनी जिंकला. शिल्लक पक्षाने लगोलग विजय आपल्या खाती जमा केला. घड्याळ पक्षाने सांगितले की, दीडशे धावा कमी असत्या तरी विजय हाच होता, फक्त पावसाची धास्ती उरली नसती. दोन्ही विधाने खरी असू शकतात. एका सामन्यात एकच मार्ग खेळला जातो. दुसऱ्या मार्गाने गेलो असतो तर काय झाले असते याचा दस्तऐवज कोठेही उपलब्ध नसतो, आणि म्हणूनच या खटल्यात अपील कधी संपत नाही.

तथापि खटला अनिर्णित राहिला म्हणून त्यातून काहीच निष्पन्न होत नाही असे नाही. पाचशेच्या पुढची धाव प्रतिपक्षाच्या शक्यतांत काही फरक पाडीत नाही; ती केवळ आपल्या मनाची समजूत घालते. लीड्सच्या पराभवानंतर अशी समजूत काढून घेण्याची गरज गिलला वाटली असेल तर त्याला दोष देता येणार नाही. पण मालिकेत मागे असलेल्या संघाने ती समजूत वेळ खर्चून विकत घेतली, आणि पावसाने त्या खर्चाचे पूर्ण बिल पाठवले नाही, हे मान्य करायला हवे. शिलकेची मर्यादा मुंबईनेही अनुभवली आहे: रणजी स्पर्धेत जून २०२२ मध्ये मुंबईने उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवले, तेव्हा १९३० साली न्यू साउथ वेल्सने क्वीन्सलँडवर मिळवलेल्या ६८५ धावांच्या विजयाचा जागतिक विक्रम मोडला; ब्रॅडमनच्या ४५२ धावा त्याच सामन्यातल्या. पुढे उपांत्य सामन्यात उत्तर प्रदेशविरुद्ध मुंबईने ७४६ धावांची आघाडी जमवली. आणि अंतिम सामन्यात, मुंबईचाच माजी यष्टिरक्षक असलेल्या चंद्रकांत पंडितने शिकवलेल्या मध्य प्रदेशने मुंबईच्या ३७४ धावांना ५३६ धावांनी उत्तर दिले आणि करंडक नेला. आदल्या सामन्यांतल्या शिलकेतून अंतिम सामन्यात एक धावही उसनी मिळत नाही. शिल्लक पक्षाने हे एवढे ध्यानी धरावे; आणि घड्याळ पक्षाने डाव घोषित करण्याचा धोशा लावण्यापूर्वी मालिकेचा तक्ता एकदा पाहून घ्यावा.